मधाचा आकडा: अँटिऑक्सिडंट मोजतात म्हणजे नक्की काय करतात?

भाचा मेढ्याहून आला तो पिशवीत मधाची बाटली आणि हातात दोन कागद घेऊनच. रानाच्या कडेला त्याच्या सातेरी मधमाश्यांच्या पंधरा-वीस पेट्या आहेत. आजूबाजूला हिरडा आणि जांभूळ. पहिला कागद त्याच्या मधाचा प्रयोगशाळेतला अहवाल. दुसरा म्हणजे साताऱ्यात दुकानात दिसलेल्या कुठल्याशा बाटलीच्या लेबलाचा फोटो, छापून आणलेला. अहवालात मिलिग्रॅम, लेबलावर टक्के. लेबलावरचा आकडा बराच मोठा.

"मामा, आपला मध कमी पडतोय व्हय?"

मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतो. त्यामुळे लोणच्याला बुरशी का आली इथपासून सगळे खटले घरात माझ्यापुढे येतात. या खटल्याचा निकाल एका ओळीचा होता: या दोन आकड्यांची तुलनाच होत नाही. पण तेवढ्यावर तो उठणार नव्हता, आणि त्याचं बरोबरच होतं. हल्ली मधाच्या, परागाच्या, प्रोपोलिसच्या बाटल्यांवर 'अँटिऑक्सिडंट' हा शब्द साखरेच्या दाण्यांसारखा भुरभुरलेला असतो. तो मोजतात कसा, हे विकणाऱ्यालाही अनेकदा माहीत नसतं.

सुरुवात चपलांपासून करू.

जत्रेत देवळाबाहेर शे-दोनशे चपलांचे जोड पडलेले असतात. एकाची एक चप्पल हरवते. तो इकडेतिकडे बघतो आणि शेजारच्या जोडातली एक पायात सरकवून चालू लागतो. आता त्या शेजारच्याची एक कमी. तो तिसऱ्याची उचलतो. तासाभरात अख्ख्या जत्रेत गोंधळ. रेणूंमधले इलेक्ट्रॉनही असेच जोडीनं राहतात. ज्या रेणूतला एक इलेक्ट्रॉन बिनजोडीचा राहिला तो फ्री रॅडिकल, मराठी पुस्तकात मुक्त मूलक. तो शेजारच्याचा इलेक्ट्रॉन ओढतो, शेजारचा त्याच्या शेजारच्याचा. डब्यातलं खोबरं खवट होतं ते याच साखळीनं, आणि आपल्या पेशींतल्या स्निग्ध पदार्थांवरही ही साखळी चालते.

आता त्या जत्रेत एखादा पैलवान गडी असतो. म्हणतो, "ही घे माझी एक, मला काय, मी एका चपलेवर घरी जाईन." तो कुणाची उचलत नाही. साखळी तिथं थांबते. हा गडी म्हणजे अँटिऑक्सिडंट. मधातले असे गडी मुख्यतः फिनॉल गटातले असतात. त्यांच्या रेणूत सहा कार्बनची एक कडी असते, आणि एक इलेक्ट्रॉन देऊन टाकल्यावर मागे उरलेल्या एकट्याचा भार त्या अख्ख्या कडीवर वाटला जातो. म्हणून तो लंगडत नाही.

हे फिनॉल झाडाचे. माशी ते बनवत नाही. फुलातल्या मकरंदातून आणि परागातून ते मधात उतरतात. कृष्णाकाठचं वांगं चिरून ठेवलं की काळं पडतं, ते त्यातल्या फिनॉलची हवेशी गाठ पडल्यामुळे. आवळा लोखंडी कढईत काळा होतो तो फिनॉल आणि लोखंड भेटल्यामुळे. हिरडा आणि हिराकस, म्हणजे लोखंडाचा क्षार, घालून पूर्वी शाई करायचे, तीही तीच भेट. तेव्हा रंग बदलला की फिनॉल आहे, ही युक्ती आपल्या स्वयंपाकघराला जुनीच आहे. प्रयोगशाळेनं फक्त रंग किती बदलला याला आकडा लावला.

आकडा लावण्यात अडचण मधाचीच आहे. मधात साधारण ८० टक्के साखरा, मुख्यतः फ्रुक्टोज आणि ग्लुकोज. पाणी १७ ते २० टक्के. उरलेल्या चिमटीभर जागेत आम्लं, एन्झाइम, प्रथिनं, खनिजं, आणि त्यातही कोपऱ्यात फिनॉल. त्यामुळे साखरेला न शिवता फक्त त्या कोपऱ्याशी बोलेल असं रसायन लागतं. विहिरीत टाकायची ती जांभळी पूड, पोटॅशियम परमँगनेट, इथं चालत नाही. फिनॉल तिचा रंग उडवतात हे खरं, पण साखरही उडवते. मग मोजलं काय, कुणास ठाऊक!

म्हणून दुसरं जांभळं रसायन वापरतात. त्याचं पूर्ण नाव डायफिनाइल-पिक्रिल-हायड्राझिल. ते म्हणेपर्यंत चहा गार होतो, म्हणून सगळे डीपीपीएच म्हणतात. हे स्वतःच फ्री रॅडिकल आहे, पण गरीब स्वभावाचं. त्याच्या एकट्या इलेक्ट्रॉनभोवती मोठमोठ्या कड्यांची गर्दी असल्यामुळे ते चटकन कुणावर झडप घालत नाही. बाटलीत, थंडाव्यात आणि अंधारात महिनोन्महिने टिकतं. अल्कोहोलमध्ये विरघळवलं की गर्द जांभळं. कुणी त्याला इलेक्ट्रॉन दिला की पिवळं. १९५८ मध्ये ब्लॉइस या शास्त्रज्ञानं ही युक्ती अँटिऑक्सिडंट मोजायला वापरली, आणि आज जगात मधावर सगळ्यात जास्त चालते ती हीच चाचणी. साध्या साखरेला डीपीपीएच जवळजवळ भीकच घालत नाही, हे मधाच्या दृष्टीनं मोठं सुख.

कृती सोपी आहे. जांभळ्या द्रावणात मधाचं ठरलेलं द्रावण घालायचं, नळी अर्धा तास अंधारात ठेवायची, मग स्पेक्ट्रोफोटोमीटरमध्ये घालून ५१७ नॅनोमीटरचा हिरवा प्रकाश त्यातून किती अडतो ते बघायचं. समजा मध न घातलेल्या नळीचा आकडा ०.८० आला आणि मध घातलेलीचा ०.४८. फरक ०.३२, म्हणजे ०.८० च्या ४० टक्के. चाळीस टक्के जांभळेपणा विझला. मधाला स्वतःचा तांबूस रंग असतो, तो वेगळ्या नळीत मोजून वजा करावा लागतो. घाईत हे राहून जातं आणि गडद मधाचा हिशेब चुकतो.

आता भाच्याच्या लेबलावरचे टक्के घ्या. वरच्या उदाहरणात मी मध दुप्पट घातला असता तर? चाळीसचे सत्तर-पंच्याहत्तर झाले असते. आणखी घातला असता तर ऐंशीच्या पुढे. म्हणजे किती मध घातला ते लिहिल्याशिवाय 'अँटिऑक्सिडंट ८५ टक्के' या वाक्याला काही अर्थच नाही. किती माणसं जेवली ते न सांगता 'पातेलं संपलं' म्हणण्यासारखं ते. लेबलावर मधाचं माप नव्हतं. फिकट मधालाही अशी पहिली श्रेणी मिळवून देता येते, हात सैल ठेवला की झालं.

यावर शास्त्रज्ञांनी काढलेला तोडगा म्हणजे आयसी-५०: निम्मा जांभळेपणा विझवायला मध किती लागला. इथं आकडा लहान तेवढा मध जोरदार. भाच्याच्या अहवालात हाही एक रकाना होता आणि शेजारच्या गावातल्या मधपाळापेक्षा आपला आकडा लहान आला म्हणून गडी दोन दिवस खट्टू होता. खरं तर पेढे वाटायला हवे होते.

त्याच्या मिलिग्रॅमचा रकाना वेगळ्याच चाचणीचा. तिचं नाव फोलिन-सिओकाल्टो, १९२७ ची. पिवळसर द्रावण फिनॉल भेटले की निळं होतं. किती निळं, ते मोजायला फूटपट्टी हवी, आणि ती पट्टी म्हणजे गॅलिक आम्ल. मजा अशी की हे गॅलिक आम्ल हिरड्यातही असतं आणि आवळ्यातही. अहवालात '१०० ग्रॅम मधात अमुक मिलिग्रॅम गॅलिक आम्लाइतकं' असं लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ मधात तेवढं गॅलिक आम्ल आहे असा नाही. तेवढ्या गॅलिक आम्लानं जेवढा निळा रंग आला असता तेवढा या मधानं आणला, इतकाच.

आणि ही चाचणी साखरेपुढे थोडी फसते. ग्लुकोज आणि फ्रुक्टोज काही प्रमाणात निळा रंग आणतात, क जीवनसत्त्व आणतं, प्रथिनांचे काही तुकडेही आणतात. काळजी घेणाऱ्या प्रयोगशाळा म्हणून 'खोटा मध' तयार करतात: ४० भाग फ्रुक्टोज, ३३ च्या आसपास ग्लुकोज, थोडा माल्टोज, चिमूटभर साधी साखर, उरलेलं पाणी. त्याचा निळेपणा मोजून खऱ्या मधातून वजा करतात. हे वजा न करणारी प्रयोगशाळा ग्राहकाला खूश करणारा मोठा आकडा देते. अहवाल हातात आला की मी आधी तेच विचारतो, वजाबाकी केली का?

आणखी चाचण्या आहेत. फ्रॅप १९९६ ची. तिच्यात लोखंडाला इलेक्ट्रॉन मिळाला की निळा रंग येतो. आवळ्याच्या कढईची ही चुलत बहीण म्हणायला हरकत नाही. एबीटीएसमध्ये निळसर-हिरवा रंग विझतो. ओरॅकमध्ये चमकणारा पदार्थ किती वेळ चमकत राहतो ते बघतात. प्रत्येकीत आम्ल-अल्कलीचं प्रमाण वेगळं, वेळ वेगळा, रसायनाचा स्वभाव वेगळा. त्यामुळे एकच मध एका चाचणीत पहिला आणि दुसरीत तिसरा येऊ शकतो. पायलीनं मोजलेली ज्वारी आणि किलोनं मोजलेल्या लाह्या समोरासमोर ठेवून मोठं कोण, असं विचारण्यासारखं हे.

इथपर्यंत भाचा मान डोलावत होता. पुढचं त्याला पटायला वेळ लागला.

मध जितका गडद तितका आकडा मोठा, हे बहुतेक वेळा खरं असतं. १९९८ मध्ये अमेरिकेत १४ वेगवेगळ्या फुलांचे मध तपासले तेव्हा गडद मध वरचढ ठरले होते. जांभळाचा मध गडद, म्हणून आपल्याकडच्या मधपाळांनाही ते ऐकायला गोड लागतं. पण रंग गडद होण्याचे दोन रस्ते आहेत. एक फुलाचा, दुसरा चुलीचा.

कंदी पेढा आठवा. पांढरा खवा मंद आचेवर भाजत गेलं की तो तपकिरी होतो, खमंग होतो. साखर आणि प्रथिनं तापून एकमेकांत गुंततात आणि तपकिरी पदार्थ तयार होतात, त्याचं नाव माइलार्ड अभिक्रिया. मध तापवला, किंवा पत्र्याच्या शेडमध्ये दोन उन्हाळे पडून राहिला, की त्याच्यातही हेच घडतं. आणि हे तपकिरी पदार्थ स्वतः अँटिऑक्सिडंट असतात! मध ५० ते ७० अंशांवर कित्येक दिवस ठेवून केलेल्या प्रयोगांत रंग गडद होत गेला आणि अँटिऑक्सिडंटचा आकडाही चढत गेला. मध मात्र उतरत होता. एन्झाइम मरतात, वास जातो आणि एचएमएफ नावाचा पदार्थ वाढतो. भारतात मधात तो किलोमागे ८० मिलिग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही. तेव्हा ज्या अहवालात अँटिऑक्सिडंटचा आकडा आहे पण एचएमएफचा नाही, तो मला अर्धाच कागद वाटतो. मेणानं झाकलेल्या चौकटीतून त्याच दिवशी काढलेल्या ताज्या मधापेक्षा करपवलेला मध या परीक्षेत पुढे जाऊ शकतो.

अजून एक गंमत, पेट्यांची कामं करणाऱ्यांनाही सहसा माहीत नसलेली. मधात माशीच्या ग्रंथींतून आलेलं ग्लुकोज ऑक्सिडेज नावाचं एन्झाइम असतं. मधात पाणी घातलं की ते ग्लुकोजपासून हायड्रोजन पेरॉक्साइड बनवतं. जखमेवर लावलेला मध जंतू मारतो, त्यात याचा मोठा वाटा. पण हायड्रोजन पेरॉक्साइड हा तर ऑक्सिडंट, म्हणजे विरुद्ध पार्टीचा! एकाच बाटलीत दोन्ही गट नांदतात. 'अँटिऑक्सिडंट म्हणजे चांगलं, ऑक्सिडंट म्हणजे वाईट' हे लेबलावर शोभतं, मधाला ते मान्य नाही.

बाकीच्या पदार्थांचं थोडक्यात. प्रोपोलिस म्हणजे माश्यांनी झाडांच्या कळ्यांवरून, सालीवरून आणलेला चिकट डिंक. त्यानं त्या पेटीच्या फटी लिंपतात. साधारण निम्मा राळेचा भाग, तिसरा हिस्सा मेण. आमची सातेरी हा डिंक जवळजवळ गोळाच करत नाही, त्यामुळे भाच्यानं उगाच त्याची स्वप्नं पाहू नयेत. तो मिळतो मेलिफेरा या परदेशी मधमाशीच्या पेट्यांतून, आणि बिनडंखी माश्यांच्या घरट्यात राळ भरपूर असते. प्रोपोलिसचा अर्क काढला तर त्यात ग्रॅमामागे फिनॉल मधापेक्षा शेकडो पटींनी जास्त निघू शकतात. पण 'काढला' या शब्दात सगळं आलं. पाण्यात भिजवला तर थोडं उतरतं, ७० टक्के अल्कोहोलमध्ये कितीतरी जास्त. फ्रीजमध्ये कडक करून दळला तर अजून जास्त. म्हणजे आकडा डिंकाचा किती आणि द्रावकाचा किती, हे वेगळं करावं लागतं. झाड बदललं की मालही बदलतो: युरोपातला प्रोपोलिस पॉप्लर झाडाचा, ब्राझीलमधला हिरवा प्रोपोलिस एका झुडपाचा, दोघांतली मुख्य रसायनं निराळी. एकावरचं संशोधन दुसऱ्याच्या बाटलीवर चिकटवलेलं सर्रास दिसतं.

परागाचं दुखणं वेगळं. परागकणाचं कवच इतकं चिवट की मातीत हजारो वर्षं टिकतं. आतलं बाहेर काढायचं तर दळावं, भिजवावं लागतं. प्रयोगशाळेतला द्रावक जे बाहेर काढतो ते आपलं पोट काढेलच असं नाही.

पोटाचा विषय निघालाच आहे तर हिशेब करू. समजा एखाद्या चांगल्या मधाचा आकडा १०० ग्रॅममागे ६० मिलिग्रॅम आला. रोज सकाळी मोठा चमचाभर, म्हणजे २० ग्रॅम मध घेतला तर पोटात गेले १२ मिलिग्रॅम. कपभर चहातून शंभरच्या पुढे सहज जातात. आणि पोटात गेलेले फिनॉल जसेच्या तसे रक्तात पोचत नाहीत. आतडं आणि यकृत त्यांना बदलून टाकतात, बरेचसे तर शोषलेच जात नाहीत. नळीतला डीपीपीएच शरीरात नसतोच. तो शेतातल्या बुजगावण्यासारखा आहे: त्याला धक्का मारून पाडता आलं म्हणजे चोराशी झटापट जमेल असं सिद्ध होत नाही. अमेरिकेच्या कृषी खात्यानं पदार्थांच्या ओरॅक आकड्यांची मोठी यादी प्रसिद्ध केली होती. कंपन्या ते आकडे जाहिरातीत वापरू लागल्या, आणि त्यांचा आरोग्याशी थेट संबंध दाखवता येत नाही म्हणून खात्यानं २०१२ मध्ये यादीच काढून टाकली.

मग मोजायचंच कशाला, असं भाचा म्हणाला. थोडा रागावलाच होता. मोजायचं, कारण एकाच चाचणीनं, एकाच प्रयोगशाळेत, एकाच हंगामातले मध शेजारी ठेवले तर त्यातून काही कळतं. हिरड्याचा आणि जांभळाचा मध वेगळा कसा, पेटीतून काढल्यापासून वर्षभरात काय बदललं, गाळताना किती तापला. महाबळेश्वर तालुक्यातलं मांघर २०२२ मध्ये 'मधाचं गाव' म्हणून जाहीर झालं. आपल्या डोंगरातल्या फुलांचा मध असा नावानं विकायचा असेल तर त्याची ओळख कागदावर हवी, आणि हा आकडा त्या ओळखीतली एक खूण आहे. पण फुलाचं नाव लावायचं तर सूक्ष्मदर्शकाखाली परागकण मोजणं आलंच. एखाद्या फुलाचे पराग साधारण ४५ टक्क्यांच्या वर असले की त्या फुलाचा मध म्हणायची जुनी पद्धत आहे.

आणि शुद्धतेसाठी तर हा आकडा मुळीच नाही. भाच्याला वाटत होतं, आकडा मोठा म्हणजे भेसळ नाही. मी विचारलं, काकवीची भेसळ केली तर? उसाची भेसळ पकडतात ती कार्बनवरून. ऊस आणि मका हवेतला कार्बन बहुतेक फुलझाडांपेक्षा वेगळ्या वाटेनं घेतात, त्यामुळे त्यांच्या साखरेत जड कार्बनचं प्रमाण किंचित जास्त राहतं आणि ते यंत्रात दिसतं. तांदळाच्या पाकाला ही चाळणी अडवत नाही, त्याला दुसऱ्या चाचण्या लागतात. डीपीपीएचला यातलं काही कळत नाही. त्याला इलेक्ट्रॉन देणारा हवा, तो कुणाच्या घरचा हे तो विचारत नाही.

भाच्याला हे खरं वाटेना. दुसऱ्या दिवशी कॉलेजात घेऊन गेलो. त्याचा हिरड्याचा मध आणि मामीच्या बरणीतली कराडहून आलेली काकवी, दोन्ही तोलून सारख्या वजनाची घेतली, सारख्या पाण्यात विरघळवली, प्रत्येकीचा स्वतःचा रंग मोजून वजा करायला वेगळी नळी ठेवली. दोन्हींत जांभळं द्रावण घालून कपाटात अर्धा तास अंधार. दार उघडलं तेव्हा मधाच्या नळीत जांभळा रंग निवळायला लागला होता, वांग्याच्या सालीवरून कांद्याच्या सालीवर आला होता. काकवीची नळी पार पिवळी.

भाचा बराच वेळ दोन्ही नळ्या उजेडात धरून बघत राहिला. मग म्हणाला, "मामा, मग पेट्या इकून ऊसच लावतो की."